‘आपल्याला’ म्हणणारे देऊळ

शहराच्या जुन्या भागात, कोष्टी आळीच्या तोंडाशी, ख्रिस्ती मंडळीचे एक बैठे दगडी देऊळ आहे. दुसऱ्या गावचा पाहुणा तिथे रविवारी उपासनेला आला की एका जागी हमखास अडखळतो. प्रभूची प्रार्थना त्याला लहानपणापासून पाठ असते. डोळे मिटून तो सगळ्यांबरोबर म्हणत जातो आणि रोजच्या भाकरीच्या ओळीशी एकटाच मोठ्याने ‘आम्हाला’ म्हणतो. बाकी सगळे देऊळ ‘आपल्याला’ म्हणते. पाहुणा ओशाळतो. मग उपासना संपल्यावर मंडळीतल्या वयस्कर एस्तरमावशी त्याला बोळाकडच्या खिडकीजवळ बसवतात, चहा देतात आणि म्हणतात, “चुकलात ते बरं झालं. आता ऐका.”

ही गोष्ट मावशींच्या पणजीच्या वेळची. त्या साली, सांगतात, सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला होता. सुताचे गठ्ठे येईनात, लुगडी कोणी घेईना. कोष्टी आळीतले दीडशे माग एकेक करून थांबले. रात्रंदिवस खटखटणारी आळी गप्प झाली, तेव्हा माणसांना म्हणे त्या शांततेनेच झोप येईना.

देवळाचे पाळक तेव्हा कोंडिबा रणनवरे होते. मंडळी लहान, चाळीस घरांची. मिशनने त्यांच्यासाठी आठ पोती जोंधळा पाठवला होता आणि तो मंडळीपुरताच वापरावा असे बजावले होते. माणशी रोज एक भाकर धरली तर सुगीपर्यंत जेमतेम पुरेल, असा कोंडिबांचा अंदाज होता. मंडळीतला एकही माणूस भुकेने जाऊ देणार नाही, असा शब्द त्यांनी दिला होता. त्यांची बायको सरूबाई देवळामागच्या चुलीवर भाकरी भाजी, आणि संध्याकाळची प्रार्थना झाली की त्या वाटल्या जात.

आळीचे आणि देवळाचे तेव्हा जाणेयेणे नव्हते. मंडळीतली बहुतेक माणसे पूर्वी गावकुसाबाहेरची. त्यांच्या हातचे पाणीसुद्धा आळीला चालत नसे. मधे चार हात रुंदीचा बोळ होता, पण तो ओलांडायला नदी ओलांडण्यापेक्षा जड.

एका संध्याकाळी प्रार्थना चालू असताना त्या बोळातून खिडकीच्या फळीवर टकटक झाली. कोंडिबांनी प्रार्थना संपवून फळी उघडली. समोर भिवराबाई दिवटे उभी होती. शेजारच्या घरातली कोष्टीण, विधवा, जिभेने तिखट. हातात मागावर सूत फिरवायचा लाकडी धोटा होता. त्यानेच तिने फळी वाजवली होती.

“पाद्रीबुवा, रोज भिंतीआडून ऐकते मी,” ती म्हणाली. “भाकर मागता ती ‘आम्हाला’ दे म्हणून मागता. एवढा जगाचा बाप म्हणता त्याला. त्याच्याकडे मागताना ‘आपल्याला’ म्हणायला जीभ झडते काय तुमची?”

मागे दोघेतिघे हसले. कोंडिबांनाही हसू आले. ते समजुतीने म्हणाले, “बाई, ही भाषेची रीत आहे. ‘आपल्याला’ म्हटलं की ज्याच्याशी बोलतो तोही त्यात येतो. आम्ही देवाशी बोलतो. देवाला काय भूक लागते?”

“लागत नाही? मग आम्ही रोज नैवेद्य काय दगडाला दाखवतो?”

कोंडिबांनी हळूच विचारले, “घरात चूल पेटली का आज?”

भिवराबाईचा आवाज खाली आला. “सून बाळंत झालीय. दोन दिवस तिच्या पोटात नुसता उकडलेला पाला. पोर छातीला लागतं आणि रडतं.”

सरूबाईने मागूनच एक भाकर पुढे केली. भिवराबाईने हात पदराखाली घेतला. “तुमच्या हातची खाल्ली तर जात बाहेर टाकील. मग सुनेच्या उशाशी सुईण तरी उभी राहील का?” एवढे बोलून ती घरात गेली. भिंतीपलीकडून तान्ह्याचे रडणे मात्र देवळात येत राहिले.

त्या रात्री कोंडिबांनी आपली भाकर तशीच झाकून ठेवली. बाई ‘आपल्याला’ म्हणाली ती वेडेपणाने नव्हे, हे त्यांना कळत होते. पण शब्द बदलला तर पोतीही उघडावी लागणार, हेही कळत होते. आणि पोती उघडली तर मंडळीला दिलेला शब्द कसा पाळायचा?

सकाळी त्यांनी मंडळीतल्या पंचांना बोलावले आणि शब्द बदलून पोती आळीलाही उघडावी, असे सुचवले. थोरले पंच भागाजी ऐकून उसळले. “बुवा, शब्द फुकट मिळतो, जोंधळा नाही. आणि देवाला भुकेल्यांच्या पंगतीत बसवणार तुम्ही?”

“मी कोण बसवणार?” कोंडिबा म्हणाले. “भुकेल्याला दिलंत ते मला दिलंत, असं तोच सांगून गेला. मग तो कुठं बसलाय, भागाजी? वाढणाऱ्यांत की जेवणाऱ्यांत?”

भागाजी म्हणाले, “बसलाच आहे तर पहिली भाकर त्याच्यापुढं ठेवा. आणि आम्हा पंचांना सगळ्यात शेवटी वाढा. काही कमी पडलं तर आधी आमचं पडू दे.”

त्या संध्याकाळी खिडकीच्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या गेल्या. सरूबाईने पहिली गरम भाकर देवळातल्या मेजावर ठेवली. भाकरीच्या ओळीशी आल्यावर कोंडिबा थांबले आणि स्पष्ट आवाजात ‘आपल्याला’ म्हणाले. मंडळी चपापली. मग एकेक करून सगळ्यांनी तेच म्हटले. कोंडिबांनी मेजावरची भाकर उचलली आणि ओंजळीत धरून खिडकीबाहेर केली.

भिवराबाई बोळात उभी होती. आळी उंबऱ्याउंबऱ्यावर उभी राहून पाहत होती. आळीचे चौधरी निंगोजी ओरडले, “भिवरे, विचार कर!”

“केला,” ती म्हणाली. “देव जेवला त्या ताटातलं आहे हे. प्रसादाला कसला आलाय विटाळ?”

तिने भाकरीचा तुकडा मोडला, सगळ्यांदेखत तोंडात घातला, सावकाश चावून गिळला आणि उरलेली भाकर सुनेकडे नेली. निंगोजींना तिला अडवता येईना, कारण प्रसाद नाकारायला आळीत कोणी धजत नसे. ज्या शब्दाने देव भुकेल्यांत आला, त्याच शब्दाने भाकरीचा विटाळ गेला. दुसऱ्या दिवशी बोळात अकरा माणसे होती. आठवड्याने बोळ पुरेना.

पोती मात्र भराभर खाली बसू लागली. पंधरा दिवसांनी सातवे पोते उघडले, तेव्हा सरूबाईने नवऱ्याकडे नुसते पाहिले. पुढचे सांगताना लोक म्हणतात की सकाळी आठव्या पोत्याशेजारी नऊ पोती आणखी उभी होती आणि ती देवदूतांनी आणली. एस्तरमावशी हे नाकारत नाहीत. “दूतच होते,” त्या म्हणतात, “पण त्यांच्या अंगाला खळीचा वास येत होता.”

आळीच्या चौंडेश्वरीच्या देवळात सामाईक खळीसाठी राखलेल्या जोंधळ्याचे रांजण होते. सुताला लावायची खळ त्याचीच होई. त्याला कोणी एकाने हात लावायचा नाही. मागाचं धान्य खाल्लं तर माग पुन्हा उठत नाही, अशी आण होती. ते रांजण निंगोजींनी स्वतः फोडले. “देव जेवतोय म्हणता ना,” ते कोंडिबांना म्हणाले, “मग आमच्या मागाचा घास त्याच्या ताटात पडला तर आण कसली मोडते?”

त्या वर्षी मंडळीतले आणि आळीतले कोणी भुकेने गेले नाही, असे सांगतात. भिवराबाईचा नातू वाढला आणि आजीच्याच मागावर बसला. पुढे मिशनचे एक साहेब तपासणीला आले. त्यांनी व्याकरणाचा दाखला देऊन ‘आपल्याला’ चूक ठरवले. भिवराबाई खिडकीतूनच म्हणाली म्हणे, “साहेब पोटभर जेवून व्याकरण शिकले असतील.” कोंडिबांनी शब्द बदलला नाही.

आजही ती खिडकी रविवारी भाकरीच्या ओळीआधी उघडतात. कोष्टी आळीत आता माग दोनच उरलेत. बोळात हमाल उभे असतात, लॉजमध्ये राहणारे मजूर असतात, सरकारी दवाखान्यातल्या रोग्यांचे नातेवाईक असतात. पहिली भाकर मेजावरून बोळात जाते. नाव, गाव, जात कोणी विचारत नाही. पंच सगळ्यात शेवटी जेवतात.

गेल्या वर्षी नवे तरुण पाळक आले. पहिल्याच रविवारी सवयीने ते ‘आम्हाला’ म्हणून गेले. मागून एकाही माणसाने ते म्हटले नाही. पाळकांचे कान लाल झाले. तेवढ्यात बोळातून, ज्यांना पुढची-मागची प्रार्थना ठाऊकही नव्हती अशा वीसपंचवीस जणांनी एका आवाजात सांगितले, “आपल्याला!”

त्या दिवशी भाकरी जरा कमीच पडल्या. पंचांनी नुसत्या पिठल्यावर भागवले.