तळ्यावरचा जुना नियम

फार पूर्वी एका रानातल्या तळ्यावर नियम होता, की खूरवाल्यांनी पाण्यात उतरायचं नाही. एका उन्हाळ्यात पाणी आटून मधोमध गेलं आणि काठावरची हरणं तहानेने व्याकुळ झाली. निवाडा टिटवीकडे आला.

"शब्द म्हणजे शब्द," खेकडा म्हणाला.

"पाणी गढूळ होऊ नये, एवढाच नियमाचा हेतू," पाणमांजर म्हणालं.

नियम करणाऱ्यांच्या मनात नेमकं काय असेल? टिटवीला राहवेना. त्यांच्यातलं एकच कासव हयात होतं. तिने त्यालाच गाठलं.

कासव हसलं. "आम्ही पाच जण होतो, बाई. कुणाला गढूळ पाण्याची धास्ती, कुणाला आपल्या अंड्यांची. खूप भांडलो. एकमत झालं ते फक्त शब्दांवर."

टिटवीने ओळखलं, पाच मनांत एकच हेतू नव्हताच; तहानलेल्या हरणांचं काय, हे आता तिलाच ठरवायचं होतं. मग परत येऊन म्हणाली, "हरणांनो, एकेक जण सावकाश उतरा. चुकलं तर दोष माझा."