गाभोळीतला उजेड

निवळी नदीच्या काठी, हिरव्यागार डोंगराच्या कुशीत एक इवलंसं खोपटं होतं. त्यात सोनकी आणि तिचा बा राहत. सोनकीला आई नव्हती. चुलीवर मूठभर भात शिजे, पण भाताबरोबर मासळी अलीकडे क्वचितच मिळे. बाचं जाळं सकाळी रिकामं जाई आणि संध्याकाळी शेवाळ घेऊन येई.

पूर्वी म्हणे निवळीत खडस मासे होते. अंगावर सोनेरी खवले, शेंदरी पर, आणि उन्हात उडी मारली की पाण्यावर लख्खकन वीज चमके!

"बा, खडस गेले कुठे?"

"काय ठाऊक, पोरी."

"रुसून गेले का? कुणावर रुसले?"

बा हसायचा. "तुझे प्रश्न गळाला लावता आले असते ना, तर रोज टोपली भरली असती बघ!"

पण हल्ली त्याचं हसू ओठांवरच थांबे. यंदाही मासळी मिळाली नाही, तर तो दूरच्या बंदरावर मोठ्या बोटीत कामाला जाणार होता आणि सोनकी घाटापलीकडे आत्याकडे राहणार होती. "परत कधी येशील?" हा एकच प्रश्न तिने विचारला नव्हता. उत्तराची भीती वाटायची.

आता सगळी आशा होती चढणीवर. नदीला नवं पाणी आलं की मासे प्रवाहाच्या उलट, उड्या मारत वर निघतात. उंबरकोंडीला, जिथे दोन काळ्या खडकांमधून नदी अंग चोरून जाते, तिथे सारं गाव बांबूच्या कामट्यांचे सापळे लावी. चढणीच्या मासोळ्यांची पोटं अंड्यांनी गच्च भरलेली असत. त्या अंड्यांच्या पुंजक्याला म्हणायचं गाभोळी. तव्यावर परतलेली गाभोळी म्हणजे सणच! "नदीमाय आपल्या हाताने ताट वाढते," असं सगळे म्हणत. आणि सगळ्यांत पक्का सापळा विणायचा तो सोनकीचा बा.

सापळे लावायच्या दिवशी सोनकी टाकळ्याची भाजी खुडायला रानात गेली. रान पाचूसारखं चमकत होतं. पानापानाला थेंबांचे लोलक लटकले होते. इतक्यात कुठूनसा चपळ् चपळ् आवाज आला.

खडकातल्या एका डबक्यात सोनेरी मासोळी अडकली होती! खडसाची मादी! पाणी ओसरल्यावर ती मागेच राहिली होती. पोट टम्म फुगलेलं, तोंड मात्र अजूनही डोंगराकडेच.

सोनकीच्या पोटात कावळे ओरडत होते. तिने हात पुढे केला आणि मग मागे घेतला.

"मासोळीबाई, एवढं जड पोट घेऊन वर कुठे निघालीस गं? तुला खाल्लं तर मला कळणार कसं?"

मग तिने दगड बाजूला सारले, बोटांनी माती उकरली आणि डबक्यापासून नदीपर्यंत चिमुकला पाट काढला. नखं दुखली, गुडघे खरचटले. पण शेपटीचा एक सोनेरी फटका बसला आणि मासोळी सुळकन नदीत गेली!

त्याच क्षणी पाटातलं पाणी झगमगलं. त्यातून वर आली एक परी, वीतभर उंचीची. चतुराच्या पंखांसारखे निळे-जांभळे पंख, पायांत दवबिंदूंचे पैंजण.

"मी झुळझुळी," ती म्हणाली. "पाण्यात राहणाऱ्या साती आसरांची सगळ्यांत धाकटी बहीण. सोनकी, तुझी एक इच्छा मी पुरी करीन. पण नियम आहे हं. मागण्याआधी विचारायचं, 'हे कुठून येणार?' आणि माणसांच्या मनावर माझी जादू चालत नाही."

सोनकीचे डोळे चमकले. प्रश्न विचारायचे? एवढंच?

"बाची टोपली मासळीने भरली, तर ती मासळी कुठून येईल?"

"खालच्या गावच्या जाळ्यांतून. तिथली मुलं आज उपाशी झोपतील."

"नको गं बाई! मग नदीच खडसांनी भरली तर? ते कुठून येतील?"

झुळझुळीने डोंगराकडे बोट दाखवलं. "वर गारगोट्यांचं उथळ, थंड पाणी आहे. खडस तिथेच अंडी घालतात. तिथूनच ते येतात. दुसरं 'कुठून' मलाही ठाऊक नाही."

उंबरकोंडीचे सापळे सोनकीच्या डोळ्यांसमोर आले.

"म्हणजे ते रुसले नाहीत," ती हळूच म्हणाली. "वाटेतच आम्ही त्यांना खाल्लं." मग तिने मान वर केली. "झुळझुळी, गाभोळीतलं एकेक अंडं दिव्यासारखं उजळलं, तर गावाला दिसेल. तो उजेड कुठून येईल?"

"माझ्यातून. सगळाच."

"मग तू मरशील?"

"छे गं! साखर पाण्यात मरते का? विरघळते फक्त."

"तुझी हरकत नसेल, तरच माझी ही इच्छा."

परीने तिच्या नाकाच्या शेंड्याची पापी घेतली. पंख फडफडले, लाखो ठिणग्या उडाल्या आणि निळा-सोनेरी उजेड नदीभर पसरत उंबरकोंडीकडे धावला. परी कुठेच नव्हती.

तिन्हीसांजेला सोनकी धापा टाकत उंबरकोंडीला पोचली. बा सापळ्यापाशी दगडासारखा उभा होता. आत ती सोनेरी मासोळी होती आणि तिच्या पोटात इवले-इवले दिवे लुकलुकत होते.

"सोनकी, हे काय गं?"

"पिल्लं, बा. उद्याचे खडस. आपण दरवर्षी तव्यावर ठेवतो ते."

बाने सापळ्याच्या दारावर हात ठेवला. "हा सापळा उघडला, तर मला बंदरावर जावं लागेल."

"ठाऊक आहे, बा. तरी उघड."

बाने कामट्यांचं दार उचललं.

"अरे मेल्या, खुळा झालास काय?" शेजारची भागाकाकी ओरडली. तेवढ्यात तिची नजर स्वतःच्या सापळ्याकडे गेली. तिथे तर दिवाळी होती! काकी मटकन खाली बसली. "अगं बाई! आजवर किती नद्या गेल्या माझ्या पोटात!"

तिने दार उघडलं. मग पलीकडच्याने, त्याच्या पलीकडच्याने.

"आता चढणीला सापळे बंद," काकीने पदर खोचला. "मासे अंडी घालून खाली उतरले की मग धरायचे, तेही मोठ्या भोकांच्या जाळ्याने. लहानग्यांना सोडायचं. पण राखण कोण करणार? रात्री-अपरात्री चोर यायचे."

सगळे बाच्या तोंडाकडे बघू लागले.

"बघता काय?" काकी म्हणाली. "सापळ्याच्या सगळ्या खुब्या ह्यालाच ठाऊक. हा राखणदार! घरटी पायलीभर तांदूळ देऊ. हा बंदरावर गेला, तर नदी कोण सांभाळील? तुम्ही?"

बाने सोनकीला उचलून घेतलं. या खेपेला त्याचं हसू डोळ्यांपर्यंत पोचलं.

सोनेरी मासोळ्या वर चढत गेल्या, आणि त्यांच्यामागोमाग बा-लेक रोज राखणीला जाऊ लागले. डोंगरावरच्या थंड पाण्यात, गारगोट्यांच्या फटींत परीचा उजेड मिणमिणत होता. एका सकाळी सोनकी पालथी पडून पाण्यात बघत असताना एकेक दिवा अलगद विझला आणि त्याच्या जागी टिकलीएवढे दोन डोळे उघडले. इथे दोन, तिथे दोन, हजारो डोळे!

आणि ते सगळेच्या सगळे, मोठ्या कुतूहलाने, सोनकीकडे बघत होते.