कळशीशी खेळलेला डाव

एकदा एक शिष्य जिंकलेली कळशी काखेत घेऊन आपल्या गुरुजींकडे आला.

दृष्टांतातले गुरू सहसा डोंगरावर राहतात. हे मात्र एका लहानशा गावात, पत्र्याच्या घरात राहत असत; आणि वेदान्त किंवा धनुर्विद्या न शिकवता कॅरम शिकवत. त्याला इलाज नाही. ज्याला जे येतं तेच तो शिकवणार.

गावात एक सार्वजनिक वाचनालय होतं. त्याच्या वर्धापनदिनी दरवर्षी कॅरमची स्पर्धा होई आणि बक्षीस ठरलेलं असे: स्टीलची कळशी. घरोघरी नळ आल्यावर कळशीचं अप्रूप ते काय? पण जिंकलेल्या कळशीत गावात कोणी पाणी भरत नसे. ती दारातून आत येणाऱ्याला दिसेल अशा जागी ठेवत, आणि आलेल्या पाहुण्यानं विचारलं नाही तर यजमान स्वतःच विषय काढत.

याच स्पर्धेत शिष्य लहानाचा मोठा झाला. पुढे तो शहरात गेला, जिल्ह्याकडून खेळला, राज्याच्या स्पर्धांत उतरला. तिथं तो कधी जिंके, बहुधा हरे. तिथल्या सभागृहात पांढऱ्याशुभ्र दिव्यांखाली सगळे मुकाट्यानं खेळत. सोंगटी पडली तरी कोणी 'वा' म्हणत नसे. हरल्यावर स्ट्रायकर खिशात टाकायचा आणि एकट्यानं एस.टी. स्टँड गाठायचा. तेव्हा गाडीच्या खिडकीशी बसून त्याला वाचनालयाची सतरंजी आठवे, बोरिक पावडरचा वास आठवे, आणि मागं उभी राहून 'मार, मार, कट मार!' म्हणून ओरडणारी माणसं आठवत. या ओढीनं तो दर वर्धापनदिनाला गावी येई, नाव नोंदवी आणि कळशी घेऊन जाई.

पहिल्या वर्षी लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. पुढच्या वर्षी टाळ्या वाजवल्या. यंदा वाचनालयाचे चिटणीस कर्ण्यावरून म्हणाले, "पुढच्या खेपेला कळशी थेट तुझ्या घरी पाठवू का रे? आमचा मांडवाचा खर्च तरी वाचेल!" सगळे हसले. शिष्यही हसला. मात्र घरी जाताना ते हसणं त्याला कुठंतरी टोचत राहिलं, आणि म्हणून सकाळ होताच तो गुरुजींच्या दारात उभा होता.

गुरुजींनी कळशीकडे पाहिलं, शिष्याकडे पाहिलं. "बरं झालं आलास," एवढंच म्हणाले. भिंतीशी टेकवलेला बोर्ड त्यांनी आडवा केला, चिमूटभर पावडर पसरली, सोंगट्या मांडल्या. गुरुजी स्वतः खेळणार, असं शिष्याला वाटलं. गुरुजी कित्येक वर्षांत कोणाशी खेळले नव्हते. पण त्यांनी समोर पाट मांडला आणि त्यावर ती कळशी ठेवली.

"खेळ."

"कुणाशी?"

"हिच्याशी. बोर्ड तू फोड. तिचा चान्स आला की स्ट्रायकर तिच्याकडे सरकव."

शिष्य हसला. गुरुजी हसले नाहीत, तेव्हा तो निमूट बसला. त्यानं बोर्ड फोडला. एक पांढरी पडली, मग दुसरी. राणी गेली, तिच्यामागून कव्हर गेलं. बघता बघता शेवटची पांढरी खिशात उतरली आणि काळ्या सोंगट्या होत्या तिथंच राहिल्या. कळशीचा चान्स आलाच नाही.

गुरुजी कळशीकडे वाकले आणि गंभीरपणे म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका हं. पुढच्या वर्षी या."

"थट्टा करताय का गुरुजी?"

"छे रे. काल पहिल्या फेरीत असाच डाव केलास ना?"

शिष्याचा चेहरा उजळला. "तुम्ही पाहिलात?"

"ऐकला. मी बाहेर वाचनालयाच्या ओट्यावर होतो. सुंदर होता. सांग बरं, कसा केलास?"

शिष्यानं सगळा डाव सांगितला. पहिल्या फेरीचा निकाल एकाच डावात लावायचा, अशी तिथली पद्धत होती. माणसं फार आणि बोर्ड दोनच. मुठीतली सोंगटी ओळखून पहिला मान त्यानं मिळवला होता. उजव्या कोपऱ्यातली पांढरी कशी दोन काळ्यांच्या मागं दडली होती, राणी कशी रेषेला चिकटली होती, सारं त्यानं बोटानं बोर्डावर दाखवलं.

"आणि समोर कोण होतं?" गुरुजींनी विचारलं.

"एक बाई होत्या."

"कोण?"

"ते... लक्षात नाही. हिरवी साडी होती. की निळी?"

"सोंगटीची जागा सांगताना तू बोटभर चुकत नाहीस. अख्खं माणूस कुठल्या रंगाचं होतं, ते मात्र आठवत नाही. बरं, ते जाऊ दे. कालच्यात आणि आजच्यात तुझ्या खेळात काय फरक पडला?"

"काहीच नाही," शिष्य म्हणाला. आणि आपण काय बोललो, ते त्याला बोलून झाल्यावर ऐकू आलं.

दृष्टांतात माणसांना नावं नसतात. गुरू, शिष्य, फार तर एखादा व्यापारी, एवढ्यावर भागतं. पण त्या बाईचं नाव सांगितल्यावाचून ही गोष्ट पुढं सरकत नाही. तिचं नाव शालन.

"ती वर्षभर या दिवसाची वाट बघत होती," गुरुजी म्हणाले. "पदरात तान्हं पोर. काल त्याला पाजून, निजवून, तिथंच ओट्यावर सासूच्या हवाली केलं. आत जाताना मला म्हणाली, गुरुजी, हा उठायच्या आत माझा नंबर लागू दे. नंबर लागला. ती बसली. तू सुरुवात केलीस आणि तूच संपवलंस. बाहेर आली तेव्हा पोर अजून झोपलेलंच होतं."

(तान्हं मूल किती वेळ झोपेल, हे कुठल्याही शास्त्रात सांगितलेलं नाही. पण जेव्हा ते गाढ झोपतं, तो वेळ असा हातचा जावा, याहून मोठी हानी निदान मला तरी सुचत नाही.)

शिष्य घुश्शात म्हणाला, "मग मी काय करायला हवं होतं? नियम मोडला का मी? की मुद्दाम हरायचं?"

"मुद्दाम हरला असतास तर तिला आणखी एकदा कळशी केली असतीस."

"मग न्याय कशाला म्हणायचं?"

गुरुजींनी एक सोंगटी उचलून बोर्डाच्या मधोमध ठेवली. "डाव मांडला की दोघांनाही ठाऊक नसतं, कोण जिंकणार ते. दोघांच्याही छातीत धडधडतं. या न जाणण्यात दोघांचा सारखा वाटा असला, की तो खेळ. काल ती एकटीच धडधडत होती. तुला सगळं आधीच ठाऊक होतं. नियम तुझ्या बाजूनं होते, हे खरं; पण तुझ्या समोर कोणी नव्हतं."

शिष्यानं कळशी पाटावरून उचलून बाजूला ठेवली. मग त्याचा आवाज बदलला. "गुरुजी, मी कळशीसाठी येतो असं वाटतं का तुम्हाला? घरात ठेवायला जागा नाही. तिकडं मला कोणी ओळखत नाही हो. इथं सोंगटी पडली की माणसं 'वा' म्हणतात. मला ते ऐकायचं असतं. मी यायचंच नाही का इथं?"

"यायचं की! पण लहानपणचं झबलं आवडतं म्हणून कोणी अंगात चढवतं का? चढवलं तर ते उसवतं. आणि ते आता आपलं नसतंही, मागून आलेल्या लेकराचं असतं. जवळ घ्यावं, वास घ्यावा, आणि पुढं द्यावं. मी दरवर्षी ओट्यावर का बसतो, असं वाटतं तुला? आत जागा नसते म्हणून?"

शिष्य उठला आणि तडक शालनच्या घरी गेला. ती अंगणात लंगोट वाळत घालत होती. पोर सासूबाईंच्या मांडीवर होतं.

"मी कालचा," शिष्य म्हणाला. "म्हटलं, आपण पुन्हा एक डाव खेळू. तुम्ही बोर्ड फोडा."

"आत्ता?" शालननं ओला लंगोट झटकला. "आत्ता माझं दळण राहिलंय, दादा."

सासूबाई म्हणाल्या, "खेळ की गं! नाहीतरी सैपाकाच्या ओट्यावर सारखी बटणं मारत असतेस. परवा तर वरणात पडलं एक!"

शालन लाजली. मग म्हणाली, "खरंय ते. डाळ शिजेपर्यंत शर्टाचं बटण घेते नि टिचक्या मारते. वर्षभर. हरले त्याचं काही नाही हो. आम्ही निम्मे तर हरायलाच येतो. पण हात लावायला मिळाला नाही. स्ट्रायकर गार असतो की गरम, तेसुद्धा कळलं नाही."

"म्हणून तर आता..."

"इथं नको. इथं तुम्ही दया म्हणून खेळाल. तिथं माणसं असतात, आरडाओरडा असतो, कर्ण्यावरून माझं नाव पुकारतात. शालन, असं. एरवी मी कुणाची सून, नाहीतर बाळूची आई." ती पुन्हा दोरीकडे वळली. "तुमचा राग नाही, दादा. तुम्ही काय, उत्तमच खेळता. पण एका दिवसासाठी वर्ष काढायचं म्हणजे फार लांब असतं हो."

शिष्य त्या अंगणातून बाहेर पडला तेव्हा त्याला प्रथमच कळलं, की ज्या दिवसाची तो खिडकीशी बसून वाट पाही, त्याच दिवसाची दुसरं कोणी ओट्यावर बटणं मारत वाट पाहत होतं. ओढ दोघांची सारखीच होती. दिवस मात्र एकच होता, आणि तो त्यानं घेतला होता.

वर्ष गेलं. वर्धापनदिनाला शिष्य आला, पण त्यानं नाव नोंदवलं नाही.

"काय चॅम्पियन, घाबरलात का?" चिटणीस ओरडले.

"हो," शिष्य म्हणाला, आणि गुरुजींच्या शेजारी ओट्यावर जाऊन बसला.

मांडव भरला होता. कळशी कोणाची होणार हे कोणालाच सांगता येत नव्हतं, त्यामुळे ज्यानं त्यानं आपापल्या घरात तिची जागा ठरवून ठेवली होती. थोड्या वेळानं शालन धावत आली. कडेवर बाळू. आता तो पाय फुटलेला, म्हणजे तान्हेपणीहून शंभरपट अवघड. सासूबाईंचा गुडघा धरला होता. त्या येऊ शकल्या नव्हत्या. शालननं बाळूला एका शेजारणीकडे दिलं. त्यानं भोकाड पसरलं. दुसरीकडे दिलं. तेच. आणि तेवढ्यात कर्ण्यावरून नाव आलं: "शालन! शालन आल्यात का?"

ती मांडवाच्या दारात थबकली. एक पाय आत, एक बाहेर. तिचा चेहरा पाहून गुरुजी काही बोलणार, तोच शिष्यानं उठून हात पुढं केले.

"द्या इकडं."

"तुम्ही? पाडाल त्याला."

"माझा हात हलत नाही, सगळ्यांना माहीत आहे."

"मूल म्हणजे स्ट्रायकर नव्हे, दादा!" ती म्हणाली. पण नाव दुसऱ्यांदा पुकारलं गेलं, आणि तिनं मूल त्याच्या हातात ठेवलं. आत जाता जाता दोनदा मागं वळून पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं नाही.

बाळू रडला. शिष्यानं त्याला उभं धरलं, आडवं धरलं, उलटं धरायचं तेवढं राहिलं. शेवटी त्यानं खिशातून आपला स्ट्रायकर काढला. राज्याच्या स्पर्धांत ज्याला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे, तोच. बाळूनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि तोंडात घातला. (तो घशात जाईल एवढा लहान नसतो. मी मोजून पाहिला आहे.) रडणं थांबलं. लाळ शिष्याच्या मनगटावरून ओघळू लागली, आणि तो हात, जो खरोखरच कधी हलत नसे, आता अजिबात स्थिर राहीना.

आत शांतता झाली. मग सोंगट्या फुटल्याचा आवाज आला, थोडा तिरपा, थोडा घाईचा. आणि त्यापाठोपाठ एक हसू. मोठ्यानं, न लाजता आलेलं. हसू शालनचं होतं. ते ऐकून बाळूनं मान वळवली.

मग पुन्हा टक्. लोक म्हणाले, "अरेरे!" पुन्हा टक्. कोणीतरी ओरडलं, "कट मार, शालन, कट!" शिष्य मुलाला घट्ट धरून दाराकडे सरकला, पण आत शिरला नाही. तिथून लोकांच्या पाठींपलीकडचं काही दिसत नव्हतं.

"गुरुजी, तुम्हाला आवाजावरून सगळं कळतं. कोण जिंकतंय?"

गुरुजींनी डोळे मिटले, कान दिला, आणि मान हलवली. "माहीत नाही बुवा."

शिष्याच्याही लक्षात आलं, की आपल्याला माहीत नाही. छातीत काहीतरी धडधडत होतं. ती धडधड त्याला फार वर्षांनी भेटली होती, आणि ओळख पटायला थोडा वेळ लागला. बाळूनं त्या आवाजावर कान टेकला. तेवढ्यात आत सगळा मांडव एकदम म्हणाला, "वा!"

कुणासाठी, ते त्यानं विचारलं नाही.