घंटा होईपर्यंत

आमच्या शाळेत इंग्रजीला बिवलकर मास्तर होते. वर्गात येताना ‘कॅन आय’ म्हटलेलं त्यांना खपत नसे, ‘मे आय कम इन?’ असंच विचारावं लागे. उशिरा येणाऱ्याला ते घंटा होईपर्यंत दाराबाहेर उभं करत.

मास्तर वारले, तरी भर दुपारी दाराशी त्यांचा आवाज यायचा, “मे आय कम इन?” सवयीनं कुणी ‘यस’ म्हटलं, की त्याची वाचाच जायची.

नव्या आरोंदेकर बाईंच्या तासाला तोच आवाज आला. वर्ग गारठला.

बाई म्हणाल्या, “नो, सर. तुम्हाला फार उशीर झालाय. नियम तुमचाच आहे, घंटा होईपर्यंत बाहेर थांबा.”

मग खिडकीतून त्यांनी शिपायाला सांगितलं, “घंटा उतरवा आणि विहिरीत टाका.”

आजही आमची शाळा शिट्टीवर सुटते. दारातून जाताना पोरं मात्र अंग चोरतात.