पोत्याच्या तोंडाशी

एकदा एक शिष्य आपल्या गुरूंबरोबर हळद विकायला समुद्रापार गेला. गुरू म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दाढी आणि कमंडलू उभे राहतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो, हे गुरू हळदीचे व्यापारी होते. त्यांचे गुडघे दुखत, तपकिरीचे व्यसन होते, आणि चाळीस वर्षे परक्या बंदरांवर माल विकूनही त्यांच्याविषयी कोणी वाईट बोलत नसे. ही सिद्धी हिमालयातल्या तपश्चर्येपेक्षा अवघड आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. सगळे त्यांना आबा म्हणत. शिष्य तिशीतला होता, हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होते. समुद्रापार तो प्रथमच निघाला होता, आणि जहाजावर त्याची स्वतःची वीस पोती होती.

बेटावर पोहोचले त्या दिवशी आबांना बोट लागली होती. डोके वर करवेना. "आज राहू दे, उद्या उघडू," एवढेच ते म्हणाले आणि धर्मशाळेत जाऊन आडवे झाले. शिष्याला धीर कुठला! त्याने आपली पोती धक्क्यावर मांडली, तोंडे सोडली आणि आपल्या बाजारात लावतात तशी लावली. वर लांबसडक, सोनेरी हळकुंडे. प्रवासात ओल लागून बुरशीने काळवंडलेली खाली. यात त्याला काही वावगे वाटले नाही. आपल्याकडे घेणारा पोत्याच्या तोंडाकडे बघतो थोडाच? तो बाही सरसावतो, कोपरापर्यंत हात घालतो, तळाचे हळकुंड काढून कटकन मोडतो, हुंगतो, नाक मुरडतो आणि मग भावाला सुरुवात करतो. वरचा माल म्हणजे दारापुढची रांगोळी. रांगोळी बघून कोणी घर विकत घेत नाही.

थोड्या वेळाने तेथे एक पोक्त बाई आली. ती बेटावरच्या सुइणींसाठी हळद घेत असे. तेथे बाळंतिणीला पहिले बारा दिवस हळदीचा काढा देतात. हे सगळे बंदरावरच्या दुभाष्याने शिष्याला सांगितले. बाईने पोत्यांची तोंडे पाहिली, तिचे डोळे विस्फारले, सांगितलेल्या भावाहून थोडे अधिकच दिले आणि एकाही पोत्यात हात न घालता ती वीसच्या वीस पोती घेऊन गेली. शिष्य हवेत तरंगत धर्मशाळेत परतला. आबा झोपले होते, म्हणून त्याने त्यांना उठवले नाही.

सकाळी आबांना बरे वाटले. ते धक्क्यावर गेले, आपली पोती सोडून बसले, आणि शिष्य बघतच राहिला. आबा प्रत्येक पोत्यात खोल हात घालत, तळाची किडकी, वाकडी, डागाळलेली हळकुंडे शोधून काढत आणि वर, अगदी तोंडाशी, नीट मांडत. चांगली हळद त्यांनी खाली लोटली. येणारेजाणारे बघत होते. शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. आबांना म्हातारचळ लागला, असे त्याच्या मनात आले.

"आबा, अहो काय करताय? किडकी हळद तोंडाला?"

"इथं अशीच लावतात."

"आणि घरी चांगली वर लावता ती?"

"तिकडं तशी लावतात."

"म्हणजे तुमचा खरेपणा बोटीत बसला की बदलतो?"

आबा हसले. मग त्यांनी विचारले, "तू काल कशी लावलीस?"

शिष्याने सांगितले. आबांच्या हातातले हळकुंड खाली पडले.

"तिनं हात घालून बघितलं नाही?"

"नाही."

"कशी बघेल? इथं पोत्यात हात घालणं म्हणजे विकणाऱ्याला तोंडावर चोर म्हणणं. इथला माणूस आपला सगळ्यात वाईट माल वर ठेवतो. घेणाऱ्यानं तेवढाच बघायचा, याहून वाईट आत काही नाही असं समजायचं आणि पैसे द्यायचे. तुझी सोनेरी हळकुंडं बघून तिला वाटलं असेल, हा याचा टाकाऊ माल, तर चांगला कसा असेल!"

शिष्याचा चेहरा उतरला. पण हुशार माणूस लगेच हार मानत नाही. "मी एका शब्दानं खोटं बोललो नाही आबा. आपल्या रीतीनं माल लावला. तिनं बघायला हवं होतं. त्यांची रीत भोळी, यात माझा काय दोष?"

"तुझी रीत तिला माहीत होती का?"

"नाही. पण तिची मला तरी कुठं माहीत होती?"

"काल नव्हती, म्हणून काल तुझी चूक झाली. आता माहीत झाली. आता गप्प राहिलास तर ती चूक राहणार नाही."

शिष्य गोंधळला. दुभाष्याकडून ऐकलेली एक गोष्ट त्याला खुपत होती, ती त्याने बाहेर काढली. "मग इथली रीत पाळायची, एवढंच ना? गेल्या खेपेला तुमच्या हमालांतला एक आजारी पडला. एक जण कमी पडला की सगळ्या टोळीची मजुरी बुडते, ही इथलीच रीत. सगळे व्यापारी पाळतात. तुम्ही मोडलीत. सगळ्यांना मजुरी दिलीत, आजाऱ्यालासुद्धा. एक रीत डोक्यावर घ्यायची आणि दुसरी मोडायची, हे कोणतं शास्त्र?"

आबांनी चिमूटभर तपकीर ओढली आणि म्हणाले, "अरे, पोत्याचं तोंड म्हणजे बोलणं. बोलण्याचा अर्थ ऐकणाऱ्याच्या गावात ठरतो, आपल्या नाही. म्हणून ते मी इथं इथल्यासारखं लावतो. मजुरी म्हणजे बोलणं नव्हे, पोट आहे. पोट दोन्ही किनाऱ्यांवर सारखंच रिकामं होतं. त्या हमालांना ती रीत कोणी विचारून लावली नव्हती."

"आणि यातलं कोणतं बोलणं आणि कोणतं पोट, हे कळलं नाही तर?"

"नाही कळत. चाळीस वर्षं झाली, मी दर खेपेला गोंधळतो. दोनदा चुकलोसुद्धा आहे, सांगण्यासारखं नाही. पण गोंधळ झाला म्हणून गप्प बसून फायदा खिशात घालायचा नाही, एवढं पक्कं धरलंय."

तुम्ही म्हणाल, ती पोत्यांची आणि जहाजांची गोष्ट. हल्ली पन्नास पानी करारनामे असतात, वकील असतात. असतात खरे. पण 'आम्ही बघतो' याचा अर्थ एका देशात होकार आणि दुसऱ्यात नकार होतो, हे कोणत्या पानावर लिहिलेले असते ते मला अजून कोणी दाखवलेले नाही.

आबा आणि शिष्य त्या बाईच्या घरी गेले. आबांना तेथली भाषा येत होती. शिष्य बोलला, आबांनी सांगितले. बाई रागावेल, ओरडेल, लोक जमवील, असे शिष्याला वाटत होते. तसे काहीच झाले नाही. तिला मुळी समजलेच नाही.

"चांगली वर ठेवलीस?" तिने पुन्हापुन्हा विचारले. "कशाला?"

"आमच्याकडे घेणारा आत हात घालून बघतो."

"आणि विकणारा ते सहन करतो? तुमच्याकडे माणसं एकमेकांच्या घरी जेवतात तरी का?"

शिष्याला हे लागले. "जेवतात," तो म्हणाला. "ज्याला माल कळतो तोच हात घालतो. नुसतं बघून घेतलं तर आम्हाला वाटतं, याला आमच्या मालाची कदर नाही."

आता बाई गोंधळली. मग पोत्यांत खाली काळी हळद आहे हे तिच्या एकदम ध्यानात आले आणि तिचा चेहरा पांढरा पडला. एक पोते कालच डोंगरापलीकडच्या गावी गेले होते. तेथे आज कोणी तरी बाळंत व्हायची होती.

शिष्य तसाच धावला. वाट दाखवायला बाई पुढे, तो मागे. आबांना गुडघ्यांमुळे येता आले नाही. दुपारी ते त्या घरी पोहोचले. आत बाळ रडत होते. चुलीवर पाणी उकळत होते, आणि सुईण पोत्याची दोरी सोडत होती. वरून मूठभर घेतली असती तरी त्या दिवशी काही बिघडले नसते. बिघडायचे ते चौथ्या-पाचव्या दिवशी, हात खालच्या बुरशीपर्यंत पोहोचल्यावर, आणि तेव्हा शिष्य जहाजावर असता. हे त्याच्या लक्षात आले आणि तो ओटीवर मटकन बसून रडू लागला. त्या दोघी त्याच्याकडे पाहत राहिल्या. हा परका माणूस दुसऱ्याच्या बाळंतपणात का रडतो, हे सुईणीला कळेना.

तीन दिवस बसून त्याने वीसच्या वीस पोती निवडली. काळी हळद समुद्रात गेली, तिचे पैसे परत गेले. निघताना बाईने बोलावून सांगितले, की पुढच्या खेपेची हळदही ती त्याच्याकडूनच घेईल. ती असे का म्हणाली, हेही त्याला नीटसे समजले नाही.

जहाज तेथून आणखी दक्षिणेच्या एका बंदराला लागले. तेथे आबाही कधी गेले नव्हते. आबांची उरलेली पोती धक्क्यावर उतरली, आणि ती विकायचे त्यांनी शिष्यावर सोपवले. पण शिष्याने एकही दोरी सोडली नाही. दुभाष्याला घेऊन तो समोरच्या म्हाताऱ्या दुकानदाराकडे गेला आणि म्हणाला, "आजोबा, तुमच्याकडे पोत्याचं तोंड बघून काय समजतात?"

म्हातारा खोखो हसला. "पोतं कोण बघतो? आम्ही विकणाऱ्याला त्याच्या आईचं नाव विचारतो. आईचं नाव घेऊन कोणी खोटा माल विकत नाही."

शिष्य पार चक्रावला. आपल्याकडे भर बाजारात परक्या माणसासमोर आईचे नाव कोण घेतो? त्याने वळून आबांकडे पाहिले. आबांनी खांदे उडवले. त्यांनाही ठाऊक नव्हते. तो थोडा वेळ घुटमळला, मग पोत्यांकडे परत गेला, सगळ्या पोत्यांत एकेक करून खोल हात घालून आला, आणि म्हाताऱ्यासमोर खाली बसला.

"म्हाळसा," तो म्हणाला.