सावलीच्या मोलाचा दिवा

हिवरगावात शिदू तेल्याचं तेल महागलं आणि तिन्हीसांजेला घोंगडी पांघरलेला एक माणूस दिवे विकायला येऊ लागला. "तेल नको, वात नको, जन्मभर जळेल. मोल फक्त तुमची सावली." लोकांना वाटलं, फुकटातच पडलं! पण सावली दिलेली माणसं फिकी पडली, हाकेला ओ देईनात.

मग तो सगुणाक्काच्या दारात आला. "माझ्याहून स्वस्त दिवा दाखव, सगळ्यांच्या सावल्या परत करतो."

"आमचा शिदूसुद्धा आधी दिवा लावून दाखवतो, मग मोल घेतो," अक्का म्हणाली.

त्यानं दिवा पेटवला. घरभर निळा उजेड पसरला. "बघ, दिव्याखालीसुद्धा अंधार नाही!"

अक्कानं भिंतीकडं पाहिलं. "तुझ्या उजेडात सावलीच पडत नाही. तुला देऊ काय?"

"सावली उन्हात पडते, पण उन्हात मी येत नाही," तो गुरगुरला. "सावली पडायला तेलाचा दिवा लाव."

"म्हणजे तुझ्या दिव्याला माझी सावली लागते आणि वर शिदूचं तेलही. शिदूच्या दिव्याला नुसतं तेल. आता तूच सांग बाबा, स्वस्त कुणाचा?"

निळा उजेड विझला. अक्कानं चाचपडत पणती लावली, तेव्हा दारात कुणी नव्हतं. गावात मात्र घराघरांतून माणसं महिन्यापूर्वीच्या हाकांना ओ देत होती.