वैलातली ऊब

घरोघरी मातीची चूल होती, तेव्हाची गोष्ट. दिवाळी सरली आणि गारठा उतरू लागला. रात्री जेवणं आटोपली की गोदाक्काची मांजरी चुलीला जोडलेल्या वैलात, कोमट राखेवर मुटकुळं करून निजायची.

एका सकाळी चूल दचकून जागी झाली. वैलात इवलीशी पिल्लं होती, आणि मांजरी कुठेतरी गेलेली. तेवढ्यात गोदाक्का काटक्या घेऊन आलीच. चुलीतला जाळ आतून थेट वैलात जायचा. चुलीने श्वास कोंडून धरला. नुसता धूर झाला.

"काय गं, गारठलीस की माजलीस?" फुंकणी म्हणाली.

"अगं थांब, वैलात बघ..."

पण फुंकणी फू फू करतच राहिली. एक काटकी लाल झाली.

इतक्यात गोदाक्काला धुराचा ठसका लागला. तिने फुंकणी खाली ठेवली. त्या शांततेत वैलातून बारीक म्यांव आलं, आणि ती जागीच थिजली.

त्या दिवशी भाकरी अंगणात तीन दगडांवर भाजल्या. सगळं घर जाळाभोवती शेकत जेवलं.

"आधी सांगायचं नाही का?" फुंकणी कुरकुरली.

"सांगतच होते," चूल म्हणाली, "तू फुंकत होतीस."